बॉक्सचा पुरवठादार निवडताना: देवगडातली आमची पहिली आरएफपी

गेल्या हंगामात एप्रिलच्या मध्यावर आमचे हापूसचे दोन डझनी बॉक्स बसायला लागले. पुण्याच्या गाडीत तळच्या थरातले बॉक्स कोपऱ्यांतून चेपले, झाकणं आत गेली आणि वरचा आंबा खालच्या आंब्यावर दाबला गेला. तयार होताना अशा फळावर काळा डाग पडतो आणि गिऱ्हाईक फोटो काढून पाठवतं. पुरवठादाराला विचारलं तर तो म्हणाला, तुम्ही ५ प्लाय (पाच थरांचा पुठ्ठा) मागितलेत, मी ५ प्लाय दिले. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या खरेदी ऑर्डरवर एवढंच लिहिलेलं होतं.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी देवगड तालुक्यातल्या बागायतदारांची. एक सभासद, एक मत. माझ्या सासरची कलमं पडेल भागात आहेत, आणि लग्नाआधी मी मुंबईत एका औषध कंपनीच्या खरेदी विभागात होते, म्हणून संचालक मंडळाने हे काम माझ्याकडे दिलं. तोवर बॉक्सची खरेदी म्हणजे दोन-तीन ठिकाणी फोन, व्हॉट्सअॅपवर दर, आणि मग ज्याच्याशी घरोबा त्याला ऑर्डर. मी मंडळापुढे म्हटलं की या वेळी रीतसर आरएफपी, म्हणजे पुरवठादारांकडून प्रस्ताव मागवणारा कागद, काढू. आपल्याला काय हवं ते लिहून सगळ्यांना एकाच दिवशी पाठवू, त्यांनी बॉक्स कसा देणार आणि केवढ्याला देणार ते दोन वेगळ्या पाकिटांत कळवावं, आणि कशाला किती गुण ते आपण आधीच जाहीर करावं.

पहिला आक्षेप आबांचा. आबा संचालक, वयाने सगळ्यांत मोठे. कणकवलीला बॉक्सचा धंदा करणारा एक जण त्यांचा सख्खा भाचा. "गो बाय, तो आपलोच माणूस. तेका कसला टेंडर नि बिंडर?" त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तालुक्यात सगळे सगळ्यांचे कुणी ना कुणी लागतात. जत्रेला, बाराव्याला, गणपतीला तीच माणसं समोर येतात. मला मात्र नेमकं याच कारणासाठी लिखित पद्धत हवी होती. नातेवाइकाला तोंडावर नाही म्हणणं अवघड असतं. गुणपत्रक पुढे ठेवून नाही म्हटलं तर तो रागावला तरी बोलणं तुटत नाही. आबांना मी एवढंच विचारलं, भाच्याचा बॉक्स चांगला निघाला तर तो आपोआप वर येईल ना? ते गप्प बसले, आणि तो होकार मी मंडळाच्या इतिवृत्तात लिहून घेतला.

काय हवं ते लिहून काढण्यात सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. गणपतीत मुंबईचे सगळे चाकरमानी सभासद गावात असतात, म्हणून आरतीनंतर वाडीवाडीत बसून विचारलं. प्रत्येकाची गरज वेगळी निघाली. जो वाशीला दलालाकडे माल पाठवतो त्याला पाच डझनी लाकडी पेटीच चालते, त्याला पुठ्ठ्याचं सुखदुःख नाही. जो पुण्या-मुंबईत घरपोच देतो त्याला एक डझनी बॉक्स छान दिसायला हवा. जो आढी घालून तयार आंबा पाठवतो त्याच्या बॉक्सला हवा जास्त लागते. विजयदुर्गाकडच्या एका वहिनींनी सांगितलं की त्यांच्या बॉक्सच्या पिना हंगाम संपायच्या आत गंजतात आणि गंजाचा डाग फळाला लागतो. खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्याचा हा त्रास मसुद्यात घालायचं एकट्या टेबलाशी बसून कुणाला सुचलं नसतं. त्यातून अट आली: सांधा पिनेने नको, गोंदाने चिकटवलेला हवा.

मग कागद. बॉक्सवाल्यांच्या बोलण्यात तीन आकडे येतात: प्लाय, जीएसएम आणि बीएफ. ५ प्लाय म्हणजे तीन सपाट कागद आणि मध्ये दोन नागमोडी. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर, त्या कागदाची वजनाच्या मानाने फाटायला विरोध करण्याची ताकद. सपाट कागदाचा जीएसएम गुणिले बीएफ भागिले १०००, आणि नागमोडी कागदाचं त्याच्या निम्मं, असं धरून बेरीज केली की बॉक्सची बर्स्टिंग स्ट्रेंग्थ ढोबळमानाने कळते. पाचही कागद १५० जीएसएम, १८ बीएफचे असतील तर ती येते १०.८ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. बाहेरचा कागद तोच ठेवून आतले चारही १०० जीएसएम, १६ बीएफचे लावले तर ७.५. दोन्ही बॉक्स ५ प्लाय, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. मागच्या वर्षी आमच्या गळ्यात काय पडलं होतं ते मंडळाला हे गणित फळ्यावर मांडल्यावर कळलं. "म्हणजे तेणा आमका फसवल्यान नाय, आमीच इचारूक नाय," असं मंडळातले अण्णा म्हणाले, आणि त्या वाक्यानंतर आरएफपीला कुणी विरोध केला नाही.

ओझ्याचंही गणित लिहिलं. अडीचशे ग्रॅमची चोवीस फळं म्हणजे ६ किलो, बॉक्स धरून साडेसहा ते सात. आठ थर रचले तर तळच्या बॉक्सवर सातांचं ओझं, जवळजवळ ५० किलो, तेही फोंडा घाटाच्या वळणांवर हलत-आदळत. त्यात आपली हवा दमट. पुठ्ठा ओल ओढतो. नव्वद टक्के आर्द्रतेत त्याची दाब सोसायची ताकद कोरड्या हवेच्या मानाने निम्म्यावर येते. म्हणून आम्ही कॉब मूल्याची मर्यादा घातली. ठरावीक वेळात कागद किती पाणी पितो ते या चाचणीत मोजतात, आकडा जितका कमी तितका कागद बरा. हवेची भोकं बाजूंच्या क्षेत्रफळाच्या साधारण ५ टक्के ठेवली आणि कोपऱ्यांपासून लांब, कारण बॉक्सचं ओझं मुख्यतः कोपरेच पेलतात.

छपाईतही एक गोष्ट सुटू दिली नाही. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१८ मध्ये, आणि ते चिन्ह वापरायचा हक्क ज्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे त्यालाच. आमच्या सगळ्या सभासदांची नोंदणी झालेली नव्हती. म्हणून बॉक्सवर एक मोकळी चौकट ठेवायला सांगितली, जिथे ज्याने त्याने आपल्या क्रमांकाचं स्टिकर लावावं. आणि छपाईचे स्टिरिओ (ठसे) व कापायची डाय (साचा) यांची मालकी कंपनीची राहील, असं कलम घातलं. आमच्या धंद्यात हे कलम फार थोडे लोक घालतात. डाय पुरवठादाराकडे अडकली की पुढच्या वर्षी दुसरीकडे जाताना तो ती देत नाही, आणि नवी करायला पैसे व वेळ दोन्ही लागतात. आरएफपी कितीही चांगली लिहा, डाय त्याच्या गोदामात असेल तर पुढच्या वर्षी निवड उरतच नाही.

पैशांच्या अटींवर मंडळात बराच वाद झाला. काहींना ६० दिवसांची उधारी हवी होती, कारण मालाचे पैसे यायला वेळ लागतो. पण पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय त्या मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षीच्या खर्चात धरता येते, असं २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरातही आलं. आमच्या सीएंनी हे सांगितल्यावर आम्ही ३० दिवस लिहिले. मला वैयक्तिकरीत्या ते योग्यही वाटलं. बॉक्सवाला कागद रोखीने आणतो. त्याला दोन महिने टांगून ठेवलं तर तो कुठून भरून काढेल? कागदाच्या जीएसएममधूनच.

गुणांची वाटणी पाकिटं यायच्या आधी ठरली आणि मसुद्यातच छापली: नमुन्याच्या चाचण्यांना ४०, हंगामात वेळेवर पुरवठा करायच्या तयारीला २०, कारखाना व अनुभवाला १०, दराला ३०. दराला फक्त ३० का, यावर वार्षिक सभेत आवाज चढले. "माझे पैशे कमी मिळाले तर कोण देतलो?" मी उदाहरण दिलं. सगळ्यांत कमी दराला पूर्ण ३० गुण, बाकीच्यांना कमी दर भागिले त्यांचा दर, गुणिले ३०. समजा एकाचा दर ४० रुपये आणि दुसऱ्याचा ४४. दुसऱ्याला मिळतात २७.२७. म्हणजे दहा टक्के महाग असूनही तो तीन गुणांनीही मागे पडत नाही. आता चार रुपये जास्त देऊन दोन डझन हापूस धड पोचत असेल, तर तो सौदा कुणाच्या फायद्याचा? सभेने हात वर केले. मी ७०-३० वर ठाम राहिले, कारण ५०-५० केलं असतं तर पातळ कागदवाला पुन्हा वर आला असता.

आरएफपी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाठवली: कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांना, रत्नागिरी व कुडाळच्या काहींना, आणि आबांच्या भाच्यालाही. पाकिटं द्यायच्या आधी एक बैठक ठेवली. त्यात आलेला सगळ्यांत चांगला प्रश्न एका कोल्हापूरच्या मालकांचा होता. मोहोर चांगला येऊनही थ्रिप्स किडीने किंवा अवकाळीने पीक गेलं, तर तुम्ही ऑर्डर कमी करणार, मग मी आणलेल्या कागदाचं काय? बरोबर होतं. आमच्या मसुद्यात फक्त अंदाजे संख्या होती. आम्ही उत्तर दिलं की अंदाजाच्या ६० टक्के बॉक्स कंपनी नक्की उचलेल, उरलेले आठवड्याच्या आगाऊ मागणीप्रमाणे. हे उत्तर त्यांना एकट्यांना न देता लेखी स्वरूपात सगळ्यांना पाठवलं. प्रश्न कुणी विचारला ते त्यात नव्हतं. एकाला कळलेली गोष्ट दुसऱ्याला कळलेली नसेल, तर पुढच्या गुणांना अर्थ राहत नाही.

त्या दिवसांत फोनही खूप आले. कुणी दुसऱ्याचा दर काय आला म्हणून विचारी, कुणी घरी काजूगराचं पाकीट घेऊन येतो म्हणे. सगळ्यांना एकच उत्तर: जे असेल ते कंपनीच्या ईमेलवर. काजूगराचं पाकीट परत करणं मला जड गेलं नाही. जड गेलं ते एका चांगल्या नावाच्या कारखान्याचं पाकीट परत करणं. शनिवारी चारची वेळ होती, त्यांचं कुरिअर सोमवारी पोचलं. दोन संचालक म्हणाले, उघडूया, काय बिघडतं? आम्ही न उघडता परत पाठवलं. त्यांचा माल कदाचित सगळ्यांत चांगला असता. तरीही मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो, कारण ते पाकीट उघडलं असतं तर वेळेत आलेल्यांशी आम्ही काय बोललो असतो?

आधी फक्त तांत्रिक पाकिटं उघडली. दराची पाकिटं सही-शिक्क्यासकट बँकेच्या लॉकरमध्ये. पाकिटं उघडण्याआधी आबांनी भाच्याशी असलेलं नातं मंडळात लेखी जाहीर केलं आणि गुण देण्याच्या बैठकांना ते बाहेर बसले. हे त्यांनी स्वतःहून केलं. माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर त्या दिवशी वाढला.

नमुन्यांवरची नावं काढून क, ख, ग अशी अक्षरं लावली आणि एक संच अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये चाचणीला पाठवला. दुसरा संच आमच्याच पॅकिंग शेडमध्ये. आंबा तर ऑक्टोबरात नाही, म्हणून तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या भरल्या, आठ थर रचले, आजूबाजूला ओली पोती टांगली आणि शेड बंद केली. सकाळी उघडल्यावर कुणाला प्रयोगशाळेच्या अहवालाची गरज वाटेना. दोन रचना कलंडल्या होत्या, एकीचा तळचा बॉक्स पोटातून फुगला होता. दोन मात्र रात्री रचल्या तशाच सरळ. अहवाल नंतर आला आणि त्याने हेच सांगितलं, फक्त आकड्यांत. माझं मत असं, की शेडमधली चाचणी सभासदांसाठी आणि प्रयोगशाळेची पुरवठादारांसाठी. सभासदाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, आणि पुरवठादाराशी वाद झाला तर छापील आकडा हातात पाहिजे.

कारखाने बघायला आम्ही तिघे गेलो. एका ठिकाणी कॉरुगेशनचं, म्हणजे कागद नागमोडी करायचं, मशीन होतं, पण बर्स्टिंग टेस्टर नव्हता. कागदाची गाठोडी भिंतीच्या ओलीला टेकलेली. दुसऱ्या ठिकाणी वापीच्या गिरण्यांतून आलेल्या रीळांवर प्रत्येकी जीएसएम-बीएफची चिठ्ठी, आणि कामगाराने आमच्यासमोर कागदाचा गोल तुकडा कापून वजन करून दाखवला. तिसरा स्वतः काहीच बनवत नव्हता, दुसऱ्याकडून घेऊन विकत होता. त्याने अर्जात "उत्पादक" लिहिलं होतं. त्याला बाद केलं.

दराची पाकिटं उघडली तेव्हा टिकलेले सगळे पुरवठादार समोर बसलेले. प्रत्येकाचा दर मोठ्याने वाचला. सगळ्यांत स्वस्त होता तो चाचणीत फुगलेल्या बॉक्सवाला. बेरजेत तो तिसरा आला. पहिला आला तो दरात मधला, चाचणीत सगळ्यांत वरचा. आबांचा भाचा चौथा. ऑर्डर आम्ही एकालाच दिली नाही. दोन तृतीयांश पहिल्याला, एक तृतीयांश दुसऱ्याला. घाटात दरड आली किंवा एखाद्याचं मशीन बंद पडलं, तर भर एप्रिलमध्ये बॉक्सवाचून काढणी थांबवता येत नाही. झाडावर पिकू दिलेला आंबा पाठवायच्या कामाचा राहत नाही.

चार दिवसांनी भाचा कार्यालयात आला. "वहिनी, माका माझे मार्क बघूक व्हये." त्याचे गुण मी दाखवले, दुसऱ्यांचे नाहीत. कॉबच्या आकड्यावर तो बराच वेळ बोट ठेवून बसला. मग विचारलं, हा अहवाल मला मिळेल का, मी कागद ज्याच्याकडून घेतो त्याला दाखवतो. त्याच्या नमुन्याचा अहवाल त्याला दिला. ज्यांना काम मिळालं नाही त्या प्रत्येकाला, तो कुठे कमी पडला ते सांगणारं पत्र आम्ही पाठवलं. मंडळातल्या काहींना हा फुकटचा उद्योग वाटला. मला नाही वाटला. हीच माणसं पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट भरणार आहेत, आणि पहिल्या वर्षी कुणी वाचलंच नाही असं त्यांना वाटलं तर पुढच्या वर्षी ती भरणार नाहीत.

करारात उशिराला दंड आहे: दर आठवड्याला उशिरा आलेल्या मालाच्या किमतीचा १ टक्का, जास्तीत जास्त १०. प्रत्येक खेपेतून कोणतेही काही बॉक्स काढून तपासायचे, आणि बर्स्टिंगचा आकडा १० च्या खाली गेला तर ती खेप परत. तपासणीसाठी कंपनीने एक हाताने चालवायचा बर्स्टिंग टेस्टर घेतला आणि तो चालवायला वाडीतल्या दोन मुलींना शिकवलं. फेब्रुवारीतल्या पहिल्या खेपा नीट आल्या. मार्चमध्ये दुसऱ्या पुरवठादाराची एक खेप ९ च्या आसपास निघाली. मुलींनी वहीत नोंद केली, गाडी परत गेली, आणि आठवड्याच्या आत नवी आली. त्याने वाद घातला नाही, कारण काय मोजायचं आणि कसं मोजायचं ते त्याने सही केलेल्या कागदावर होतं.

पुढच्या हंगामाचा मसुदा आत्ता माझ्यासमोर आहे. त्यात कागदाच्या भावाचं कलम नवीन घालतेय. यंदा हंगामाच्या मध्यात क्राफ्ट कागद महागला आणि पहिल्या पुरवठादाराने दर वाढवून मागितला. करारात दर पक्का होता म्हणून आम्ही नाही म्हणू शकलो, पण त्याचं नुकसान झालं हे मला दिसत होतं. आता पाकीट भरायच्या दिवशीचं कागद गिरणीचं बिल जोडायला सांगणार आहोत. भाव त्याच्यापासून ५ टक्क्यांच्या आत हलला तर दर तोच. त्याच्या पुढे गेला तर फक्त कागदाच्या हिश्श्यापुरता फरक, वरही आणि खालीही. आबांनी हे कलम वाचून "खालीही" खाली रेघ मारली आहे.